ठाण्याचा पहारा आणि राजवार्ता

कल्याणहून मुंबईकडे निघालेली आगगाडी डोंबिवली, दिवा, मुंब्रा हीं स्टेशनें मागें टाकून कळव्यापाशीं खाडी ओलांडते आणि ठाण्यास येते. ठाण्याच्या स्टेशनापासून थोड्या अंतरावर एक जुनी, उंच तटबंदी आहे. तिच्या आंत आज मध्यवर्ती कारागृह आहे. रोज तिच्या शेजारून जाणाऱ्या हजारों माणसांपैकीं फारच थोड्यांच्या मनांत ती कोणीं व कशासाठीं बांधली हा प्रश्न येत असेल. पोर्तुगीजांनीं ती बांधावयास घेतली. काम अर्धवट असतांनाच मराठ्यांनीं ती जिंकली. आणि इंग्रजांनीं मराठ्यांपासून घेऊन पुढें तिचा तुरुंग केला. हा इतिहास लढायांचा म्हणून सांगितला जातो, व तें योग्यच आहे. परंतु त्या लढायांच्या मागें दुसरा एक इतिहास आहे. तो पत्रांचा, जासुदांचा आणि कानांत सांगितलेल्या गोष्टींचा आहे, आणि तटाच्या दगडांपेक्षां त्यानेंच या किल्ल्याचें भवितव्य अधिक वेळां ठरविलें आहे.

राज्य म्हणजे एकच माणूस नव्हे. राजधानी एके ठिकाणीं असते, सुभा दुसऱ्या ठिकाणीं, आरमार समुद्रावर, किल्लेदार आपल्या गडावर आणि वकील परक्याच्या दरबारांत. यांपैकीं एकास जें कळतें तें दुसऱ्यास वेळेवर कळलें पाहिजे, आणि वाटेंत तिसऱ्यास कळतां कामा नये. बोलावयास हें सोपें आहे. बातमी जितक्या अधिक लोकांस सांगावी तितकी ती फुटण्याची भीति अधिक. आणि जितकी ती दाबून ठेवावी तितके आपलेच लोक आंधळे होऊन बसतात. तारायंत्र आलें, बिनतारी संदेश आले, संगणकावरील सांकेतिक लिपि आली, तरी हा पेंच सुटलेला नाहीं. मराठ्यांच्या काळीं त्यावर जे उपाय होते ते साधे होते. पत्र थैलींत घालून तिच्यावर मोहोर करीत. तें पायीं धांवणारा जासूद किंवा सांडणीस्वार नेई. आणि सर्वांत नाजूक मजकूर कागदावर येऊंच देत नसत. त्या काळच्या किती तरी पत्रांच्या अखेरीस, बाकीचें वर्तमान पत्र आणणारा तोंडीं सांगेल अशा अर्थाचें वाक्य असतें. इतिहाससंशोधकास त्या वाक्याचा फार राग येतो. कारण त्याला नेमकें जें हवें असतें तें त्या जासुदाबरोबर निघून गेलेलें असतें. पण लिहिणाऱ्याचा हेतु तरी तोच होता. सावकार मंडळीही याच सावधपणानें वागत. १७६१ सालीं पानिपतच्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांस कळली ती एका सावकारी पत्रावरून, आणि त्यांत गमावलेल्या माणसांचा हिशेब मोत्यें, मोहरा आणि खुर्दा यांच्या भाषेंत मांडलेला होता.

उल्हास नदीची खाडी कल्याणापासून ठाण्यापर्यंत व तेथून वसईपर्यंत जाते. तिच्या दोन्ही तीरांवर निरनिराळीं राज्यें असल्यामुळें हेरगिरीस यासारखी सोईची जागा कोंकणांत दुसरी नव्हती. शिवाजी महाराजांनीं १६५७ सालच्या अखेरीस कल्याण आणि भिवंडी घेतलीं व लगेच खाडींत गलबतें बांधावयास आरंभ केला. हें काम जाणणारे कसबी लोक पोर्तुगीजांकडे होते. तेव्हां रुई लैतांव व्हिएगस नांवाच्या एका पोर्तुगीजाच्या हाताखालीं कारागीर लावण्यांत आले. गलबतें जंजिऱ्याच्या सिद्दीसाठीं आहेत असें सांगण्यांत येई. परंतु गोव्याच्या व वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं एकमेकांस लिहून विचार केला, आणि आपल्या शेजारीं नवें आरमार उभें राहणें आपल्या हिताचें नाहीं असें ठरविलें. खुल्लमखुल्ला विरोध करण्याची त्यांची तयारी नव्हती. म्हणून त्यांनीं व्हिएगसचें मन गुपचूप वळविलें, आणि १६५९ सालीं तो आपल्या माणसांसह काम टाकून निघून गेला. एका शब्दाची धमकी न देतां कल्याणचा कारखाना असा रिकामा झाला. मराठ्यांचें आरमार त्यामुळें थांबलें नाहीं ही गोष्ट वेगळी; पण दूरदूरच्या दोन कचेऱ्यांनीं एकमेकांशीं गुप्तपणें बोलून काय साधतां येतें, याचा हा खाडीवरील पहिला ठळक दाखला होय.

पुढें ऐंशीं वर्षांनीं हीच विद्या पोर्तुगीजांवर उलटली.

साष्टी बेट १५३४ सालच्या वसईच्या तहापासून पोर्तुगीजांच्या ताब्यांत होतें. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस कल्याण व भिवंडीचा मुलूख मराठ्यांकडे परत आला, आणि मधल्या खाडीच्या एका तीरावर पेशव्यांचा सुभा तर दुसऱ्या तीरावर पोर्तुगीजांचें ठाणें अशी स्थिति झाली. धर्माच्या बाबतींतील जाचामुळें साष्टींतील हिंदु प्रजा त्रासलेली होती. भिवंडीच्या बाजूस खाडीकांठीं अंजूर नांवाचें गांव आहे. तेथील गंगाजी नाईक आणि त्याचे भाऊ यांनीं या त्रासाची दाद पुण्यापर्यंत नेली. इतकेंच नव्हे, तर वर्षानुवर्षें ते पेशव्यांचे डोळे आणि कान होऊन राहिले. साष्टीची बखर या घराण्याच्या उद्योगाचें सविस्तर वर्णन करते. बखरींतील प्रत्येक तपशील अक्षरशः खरा मानण्याचें कारण नाहीं. बखरकार आपल्या यजमानाच्या पदरांत थोडें जास्त माप घालतोच. तरी मुख्य गोष्ट निर्विवाद आहे. पाण्याचे उतार, भरतीओहोटीच्या वेळा, नव्या किल्ल्याची अर्धवट स्थिति यांची खबर पुण्यास बसलेल्या कारभाऱ्यास आपोआप कळणें शक्य नव्हतें. ती खाडीकांठच्या माणसांनीं पुरविली, आणि सुभा व पुणें यांमधून ती जपून नेली गेली.

या प्रकरणाचें महत्त्व गुपित राखलें गेलें यांत आहे. मोहिमेचा बेत अनेकांस ठाऊक असल्यावांचून ती होऊंच शकत नव्हती. नावा जमवावयाच्या, घाट उतरून फौज आणावयाची, वाटाडे नेमावयाचे, वसईच्या बाजूस दुसरी तुकडी त्याच वेळीं पोंचेल अशी तजवीज करावयाची. एवढ्या हातांतून गेलेली गोष्ट पलीकडच्या तीरावर वेळेवर पोंचली नाहीं, हें आश्चर्यच म्हटलें पाहिजे. मराठ्यांकडून कांहीं तरी होणार हा संशय पोर्तुगीजांस होताच. नाहीं तर त्यांनीं ठाण्यास नवा किल्ला बांधावयास घेतला नसता. त्यांस दिवस आणि वेळ मात्र कळली नाहीं. इंग्रजी जुन्या गणनेप्रमाणें मार्च १७३७ च्या अखेरीस चिमाजी अप्पांच्या फौजेनें रात्रीं खाडी ओलांडली आणि ठाणें घेतलें. याच सुमारास, अवघ्या कांहीं दिवसांच्या अंतरानें, थोरले बाजीराव दिल्लीच्या वेशीपाशीं उभे होते. एका भावानें दिल्लीस हादरा द्यावा आणि दुसऱ्यानें साष्टींत उतरावें, आणि दोघांत शेंकडों कोसांचें अंतर असावें! दिल्लीच्या स्वारीची हकीकत बाजीरावांनीं एप्रिल १७३७ च्या आरंभीं चिमाजी अप्पांस लिहून पाठविली, तें पत्र प्रसिद्ध आहे. तें वाचतांना असें दिसतें कीं, मोहिमेवरील सरदार आपण काय केलें तेवढेंच लिहीत नाहीं. शत्रूनें काय मानलें होतें, खोटी बातमी कोणीं पसरविली होती आणि ती कशी खोटी पाडली, हेंही तो भावास समजावून देतो. राज्याच्या दोन टोकांस एकच चित्र डोळ्यांसमोर ठेवण्याची ही हातोटी त्या दोघां भावांत होती, आणि त्यांच्या यशाचें हें एक मोठें कारण होतें.

दुसऱ्याच वर्षीं ठाणें परत घेण्याचा पोर्तुगीजांनीं प्रयत्न केला, तेव्हां त्यांच्या तयारीची सूचना मराठ्यांस आगाऊ मिळाली. ती मुंबईच्या इंग्रजांनीं दिली, आणि ठाण्याच्या शिबंदीस दारूगोळाही पुरविला, असें ग्रँट डफ हा इंग्रज इतिहासकारच लिहितो. इंग्रजांचें मराठ्यांवर प्रेम होतें म्हणून नव्हे. पोर्तुगीज शेजारी दुबळा झाला तर तो बरा, एवढाच त्यांचा हिशेब होता. आणि मे १७३९ मध्यें वसई पडल्यावर मराठा हा शेजारी त्याहून अवघड आहे, हें त्यांच्या ध्यानांत आलें.

यानंतर पस्तीस वर्षांनीं त्याच इंग्रजांनीं ठाण्यावर नजर ठेवली. १७७२ पासून टॉमस मॉस्टिन हा त्यांचा वकील पुण्यांत राहत होता. साष्टी व वसई मिळविण्याची संधि पाहणें हें त्याच्या कामाचें एक अंग होतें. ऑगस्ट १७७३ मध्यें नारायणराव पेशव्यांचा खून झाला, राघोबादादा आणि बारभाई यांची फळी फुटली, आणि पुण्याचें सरकार म्हणजे नक्की कोण हाच प्रश्न किल्लेदारांपुढें उभा राहिला. ज्या घरांत दोन यजमान भांडत असतात त्या घरांतील गुपितें शेजाऱ्यास आधीं कळतात, तसेंच येथें झालें. ठाण्याच्या किल्लेदारानें पैसे घेऊन किल्ला देण्याचें बोलणें मुंबईशीं चालविलें. प्रथम दोन लाख साठ हजार रुपये मागितले, मग एक लाख वीस हजारांवर तो आला. मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी हा सौदा पतकरावयास तयार होता. पण इतक्यांत किल्ल्यांत पांचशें माणसांची नवी कुमक आली आणि आतां आपला इलाज चालत नाहीं असें किल्लेदारानें कळविलें. ही कुमक पाठविणाऱ्यास सौद्याचा वास आला होता कीं काय, हें ज्यानें त्यानें ठरवावें. पुण्याचा एक हात लुळा पडला असतां दुसरा अजून जागा होता, एवढें मात्र त्यावरून दिसतें.

त्याच वेळीं साष्टी परत मिळविण्यासाठीं पोर्तुगीजांची तयारी चालली असल्याचें वर्तमान मुंबईस पोंचलें. आतां थांबण्यांत अर्थ नाहीं असें ठरून इंग्रजांनीं फौज पाठविली. डिसेंबर १७७४ मध्यें ठाण्यावर तोफा सुरू झाल्या. खंदक बुजविण्याचा पहिला प्रयत्न इंग्रजांच्या बऱ्याच गोऱ्या शिपायांच्या प्राणांवर बेतला. आरमाराचा अधिकारी कमोडोर वॉट्सन यास प्राणांतिक जखम झाली. आणि महिन्याच्या अखेरीस किल्ला हल्ला करून घेण्यांत आला. आंतील शिबंदीपैकीं बहुतेक माणसें कापली गेलीं. शरणागतांस जीवदान देण्याइतका संयम त्या दिवशीं दिसला नाहीं, हें इंग्रज लेखकांसही लपवितां आलेलें नाहीं.

या स्वारीची दुसरी बाजू इंग्रजांच्याच दप्तरांत सांपडते. १७७३ सालच्या कायद्यानें मुंबईचें सरकार युद्ध व तह या बाबतींत कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकाराच्या हाताखालीं आलें होतें. मुंबईकरांनीं कलकत्त्यास न विचारतां ठाणें घेतलें, आणि मार्च १७७५ मध्यें राघोबांशीं सुरतेचा तहही करून टाकला. कलकत्त्यास हें कळलें तें सर्व झाल्यावर. तेथील कौन्सिलानें मुंबईच्या या युद्धास अन्याय्य व अनधिकृत ठरविलें, आणि कर्नल अप्टन यास थेट पुण्याकडे पाठवून मार्च १७७६ मध्यें पुरंदरचा निराळाच तह केला. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन सरकारांनीं एका वर्षाच्या अंतरानें मराठ्यांच्या दोन पक्षांशीं दोन विरुद्ध तह केले! नाना फडणीसासारख्या मुत्सद्यास यांतून काय शिकावयाचें तें शिकावयास वेळ लागला नाहीं. साष्टी मात्र इंग्रजांनीं सोडली नाहीं. १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांच्याकडे कायम झाली, आणि ठाण्याचा किल्ला मुंबई सरकारच्या सरहद्दीवरील नाकें बनला.

येथवरच्या सर्व प्रकरणांत बातमी तटाच्या बाहेरून आंत अथवा आंतून बाहेर जात होती, आणि तिच्या मागोमाग फौज येत होती. १८१६ सालीं जें घडलें त्यांत फौज नव्हती, तोफ नव्हती, सौदाही नव्हता. त्यांत एक कैदी होता, एक घोड्यांचा मोतद्दार होता आणि एक गाणें होतें.

कैद्याचें नांव त्र्यंबकजी डेंगळे. त्याचा मूळचा धंदा या विषयाच्या दृष्टीनें मोठा मौजेचा आहे: तो जासूद होता. १८०२ सालीं यशवंतराव होळकराच्या भीतीनें दुसरे बाजीराव पुणें सोडून महाडाकडे गेले, तेव्हां त्र्यंबकजीनें त्यांचें एक पत्र पुण्यास नेलें आणि आश्चर्य वाटावें इतक्या थोड्या वेळांत त्याचें उत्तर आणून दिलें. बाजीरावाची मर्जी बसण्याचें तें पहिलें निमित्त. पुढें तो चढत चढत पेशव्यांचा सर्वांत विश्वासू कारभारी झाला. गुजराथेंतील गायकवाडांशीं असलेल्या देण्याघेण्याचा वाद मिटविण्यासाठीं गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले होते. जुलै १८१५ मध्यें पंढरपुरास त्यांचा खून झाला, आणि त्याचा ठपका त्र्यंबकजीवर आला. इंग्रजांचा पुण्यांतील रेसिडेंट मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें त्यास स्वाधीन करण्याची मागणी केली. बाजीरावानें बरेच दिवस टाळाटाळ केली, मग त्यास वसंतगडावर ठेवलें, आणि सप्टेंबर १८१५ मध्यें अखेर निरुपायानें इंग्रजांच्या हातीं दिलें. इंग्रजांनीं त्यास ठाण्यास आणलें.

ठाणें निवडण्यांत शहाणपणा होता. तें पुण्यापासून घाटानें तोडलेलें, खाडीनें वेढलेल्या बेटावर, आणि मुंबईच्या दृष्टीखालीं होतें. पहाऱ्याच्या बाबतींतही तितकाच विचार झाला. देशी शिपाई पैशानें किंवा स्वामिभक्तीनें फितेल अशी भीति होती. पेशव्यांच्या कारभाऱ्यास चोरून निरोप पोंचविणें पुण्यप्रद मानणारी माणसें त्या काळीं कमी नव्हतीं. म्हणून त्र्यंबकजीवर गोऱ्या शिपायांचाच पहारा ठेवण्यांत आला. त्यांस मराठीचा एक शब्द कळत नव्हता, आणि त्यांस फोडावयाचें म्हटलें तरी त्यांच्याशीं बोलणार कोण? चौकीची योजना करणाऱ्यास ती निर्दोष वाटली असेल. तिच्यांत एकच छिद्र होतें, आणि तें योजनेच्या गुणांतच दडलेलें होतें. ज्यांस मराठी कळत नाहीं त्यांस मराठींत कोणी काय बोलतो तेंही कळत नाहीं.

किल्ल्यांतील एका इंग्रज अधिकाऱ्याकडे एक मराठा मोतद्दार चाकरीस राहिला. त्याच्याजवळ चांगल्या वागणुकीचा दाखला होता. घोड्यांचा तबेला त्र्यंबकजीच्या खिडकीखालींच होता. मोतद्दार रोज घोडा खाजवी, खरारा करी, आणि काम करतां करतां मोठ्यानें गाई. घोड्याच्या चाकरीस असलेला माणूस गातो यांत नवल कसलें? वर उभा असलेला गोरा शिपाई तें ऐकत होता. एक वेळ त्याला त्याचा कंटाळा आला असेल, एक वेळ बरेंही वाटलें असेल. वर खिडकीपाशीं बसलेला कैदीही तें ऐकत होता, आणि त्यांतून त्याला कळत होतें कीं बाहेर कोण थांबलें आहे, घोडे कोठें आहेत आणि निघावयाचें कसें. पुण्याहून ठाण्यापर्यंत पत्रास येतां आलें नसतें. थैली उघडली गेली असती, कागद वाचला गेला असता. गाण्यास मोहोर नव्हती आणि पहाराही नव्हता.

१२ सप्टेंबर १८१६ या दिवशीं संध्याकाळीं काळोख होता व पाऊस पडत होता. भिंतीस आधींच भोंक पाडून ठेवलेलें होतें. सातआठच्या सुमारास त्र्यंबकजी त्यांतून तबेल्याच्या बाजूस उतरला आणि नाहींसा झाला. पहाऱ्यावरील शिपायास शंका येऊन हांकाटी होईपर्यंत बराच अवकाश मिळाला. मोतद्दारही अर्थातच पुन्हां कामावर आला नाहीं.

दोष त्या शिपायाचा म्हणावयाचा कीं काय? त्याला जें सांगितलें होतें तें त्यानें केलें. कैद्याशीं कोणास बोलूं दिलें नाहीं, कागद जाऊं दिला नाहीं. खरा दोष वरच्या रचनेंत होता. त्र्यंबकजीचें मोल काय, त्याचे लोक कोण, ते कोणत्या युक्त्या करतील, हें सर्व पुण्याच्या रेसिडेन्सीस ठाऊक होतें. तेथें मराठी जाणणारे कारकून व बातमीदार होते आणि स्वतः एल्फिन्स्टन ही भाषा जाणत होता. परंतु रेसिडेंट कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या हाताखालीं, आणि ठाण्याची शिबंदी मुंबई सरकारच्या हाताखालीं. जी कचेरी जाणत होती तिच्याकडे कैदी नव्हता, आणि ज्यांच्याकडे कैदी होता त्यांस कान नव्हते. पुण्याच्या कचेरींतील एक साधा विश्वासू मराठी कारकून त्या तबेल्याच्या आसपास बसविला असता, तर चार दिवसांत त्या गाण्याचा अर्थ उघडा पडला असता. पण फितुरीच्या भीतीनें मराठी कान म्हणून जे होते ते सर्वच किल्ल्याच्या बाहेर ठेवण्यांत आले होते. शिपायांस फितुरीपासून वांचविण्याच्या धांदलींत त्यांस बहिरें करून ठेवलें गेलें, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

या एका संध्याकाळीचे परिणाम फार दूर गेले. त्र्यंबकजी नाशिक, संगमनेर आणि पुढें महादेवाच्या डोंगरांकडे वावरूं लागला. त्याच्याभोंवतीं माणसें जमत असल्याच्या बातम्या एल्फिन्स्टनच्या बातमीदारांनीं आणल्या. बाजीराव साफ नाकबूल करीत. त्यांनीं बंडखोरांवर म्हणून पाठविलेली फौज परत येई आणि कोणाचाही मागमूस लागला नाहीं असें कळवी. एकाच मुलुखांतून दोन सरकारांस दोन बातम्या मिळत होत्या, आणि दोघांस एकमेकांची बातमी खोटी हें पक्कें माहीत होतें. अखेर मे १८१७ मध्यें एल्फिन्स्टननें पुण्याभोंवतीं फौज उभी केली, आणि त्र्यंबकजीस हजर करण्याच्या हमीसाठीं सिंहगड, पुरंदर व रायगड हे किल्ले तारण मागितले. १३ जून १८१७ रोजीं पुण्याचा तह झाला.

या तहांतील मुलूख गेला, खंडणी गेली, या गोष्टी श्रोत्यांस ठाऊक असतीलच. त्यांतील एक कलम मात्र बहुधा घाईनें वाचून सोडलें जातें. पेशव्यांनीं कोणत्याही दुसऱ्या सत्तेच्या दरबारीं आपला वकील ठेवूं नये, दुसऱ्याचा वकील आपल्याकडे येऊं देऊं नये, आणि जें काय बोलावयाचें तें इंग्रज रेसिडेंटमार्फतच बोलावें, असें तें कलम होतें. वसईच्या तहांत याचें बीज होतेंच. पण आतां तोंडावर उघडपणें कुलूप घातलें गेलें. ज्या सरकारचे जासूद एके काळीं दिल्लीपासून साष्टीपर्यंत धांवत होते त्याला ग्वाल्हेरच्या शिंद्यास किंवा नागपूरच्या भोंसल्यास एक चिठी लिहावयाची झाली तरी ती संगमावरच्या बंगल्यांतून जावयाची होती. मुलुखापेक्षां हें नुकसान मोठें होतें. मुलूख गेला तरी कधीं तरी परत मिळूं शकतो. परंतु चार ठिकाणच्या मराठी दरबारांनीं एकमेकांशीं बोलणेंच बंद झाल्यावर मराठा मंडळ हें नुसतें नांव उरतें. चोरून पत्रें जात होतीं हें खरें. पण चोरून गेलेल्या पत्रावर कोणताही सरदार आपली फौज पणास लावण्यापूर्वीं दहादां विचार करतो, आणि तो विचार करीपर्यंत वेळ निघून जाते. पुढील सहा महिन्यांत नेमकें तेंच झालें.

५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली. त्याच दिवशीं संगमावरची रेसिडेन्सी जाळण्यांत आली, आणि तींत एल्फिन्स्टनचीं पुस्तकें व कागदपत्रें भस्म झालीं. त्या कागदांत पुण्याच्या दरबारांतील कोणाकोणाचीं नांवें होतीं तें त्यांच्याबरोबरच जळालें. बाळाजीपंत नातूंसारखे कांहीं मात्र उघड्यावर राहिले. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण लावण्याचें काम त्यांनींच केलें, ही गोष्ट पुणेकरांनीं अजून विसरलेली नाहीं. जून १८१८ मध्यें बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले आणि ब्रह्मावर्तास गेले.

त्र्यंबकजी त्यानंतर थोड्याच दिवसांत नाशिककडील अहिरगांव येथें पकडला गेला. त्यास प्रथम ठाण्याच्या त्याच जुन्या कैदखान्यांत आणण्यांत आलें, आणि तेथून गंगाकांठच्या चुनारच्या किल्ल्यांत पाठविण्यांत आलें. १८२९ सालीं तो तेथेंच वारला. कलकत्त्याचा बिशप हीबर यानें १८२४ सालीं त्यास चुनार येथें पाहिलें, आणि पुढल्या वर्षीं मुंबई इलाख्यांत फिरतांना त्या मोतद्दाराच्या गाण्याची हकीकत ऐकून आपल्या प्रवासवर्णनांत लिहून ठेवली. चुनारच्या किल्ल्यांतील बंदोबस्ताविषयींही त्यानें लिहिलें आहे. कैद्यास क्षणभरही नजरेआड होऊं देत नसत. आणि त्याच्यावर गोऱ्या शिपायांचा पहारा होता, तसाच देशी शिपायांचाही होता.